गाडी खाली केली कायले?

माझा पुतण्या अमेरिकेत ओमाहाला असतो. तिथून तासाभरावर लिंकन नावाचं शहर आहे आणि तिथे दर सप्टेंबरात हौशी मोटारवाल्यांचा देशपातळीवरचा मेळा भरतो. शर्यत म्हणावी तर कुणी कुणाचा पाठलाग करत नाही. मोठ्या सिमेंटच्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडायचे, घड्याळ लावायचं आणि एकेकाने त्यांतून गाडी वळवत काढायची. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. याला ऑटोक्रॉस म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार बहुधा मातीत होतो आणि जिप्स्या धुरळा उडवतात.

"हे तर मी बावीस वर्षं करतोय," मी त्याला म्हणालो. "फक्त सिरोंच्याच्या रस्त्यावर शंकू उलटे पुरलेले असतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी असतं."

डिसेंबरात तो अहेरीला आला आणि आमची मारुती ८०० स्पर्धेसाठी 'सेट' करतो म्हणाला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. रोजच्या गाड्यांच्या वर्गात म्हणे टायर, शॉकअप, ब्रेक पॅड बदलता येतात आणि गाडी वळणात कलू नये म्हणून खाली जो आडवा दांडा असतो, तोही एका बाजूचा बदलता येतो. आलापल्लीच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं. "दांडा हाय जी. बुश गेलं होतं, तिथं मी सागाची पाचर मारली." अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेला तो साग आमच्याच जंगलातला. पुतण्याने त्या पाचरीला हात लावायचं धाडस केलं नाही.

मग वजन. नियम असा की गाडीत सुटी वस्तू एकही नको. दुपारभर उपसा चालला. स्टेपनी, जॅक, पाना, ओढायचा दोर, कोयता, सतरंजी, गिरणीचा डबा, तपासायला आणलेले आणि तपासायचे राहिलेले सहामाहीचे पेपर (ते विद्यार्थी आता बाप झाले), लग्नात मिळालेले चौदा टॉवेल, कुणाच्या तरी बाळाचा एक बूट. "अहो, हा बूट मी तीन वर्षं शोधतेय," ही म्हणाली. बाळ कुणाचं, हे मात्र तिलाही आठवेना.

उत्साहाच्या भरात मी मागची सीटही काढली. पुतण्या ओरडला, "काका, सीट काढली की वर्ग बदलतो! वरच्या वर्गात टाकतात!" तीस वर्षं मास्तरकी केली, इतक्या सहज वरच्या वर्गात गेलेला मी पहिलाच.

मैदान म्हणजे तेंदूपत्त्याची फळी. मे महिन्यात इथे पुडे रांगांनी वाळत असतात, डिसेंबरात बकऱ्या. शंकू नव्हते, म्हणून शेजाऱ्याच्या घराचं बांधकाम चाललं होतं तिथून बारा घमेली आणून पालथी घातली. आधी सगळा मार्ग पायी फिरून पाठ करायचा असतो. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. "चालायचंच होतं तर गाडी कायले आणली?" एका पोराने रास्त शंका काढली.

सगळ्यात अवघड काम हवेचं. टायरच्या कडेला खडूने रेघ मारायची, फेरी मारायची आणि खडू कुठवर पुसला ते पाहायचं. टायरवरची खूण ओलांडून पुसला तर हवा कमी, खुणेआधीच उरला तर जास्त. खडूंना माझ्याकडे तोटा नाही. पंक्चरवाल्याने छत्तीस ऐकून विचारलं, "टायर हाय का फुगा?"

पहिली फेरी अठ्ठावन्न सेकंद आणि तीन घमेली, म्हणजे चौसष्ट. पुतण्या सांगत होता, "पुढच्या वळणाकडे बघा, गाडी नजरेच्या मागे येते." येत असेल तिकडे. आमच्याकडे नजर खड्ड्याकडेच लागते, आणि इथे सपाट जमिनीवर खड्डा दिसेना म्हणून मी गोंधळत होतो. एका झाडाच्या सावलीला तर मी दोनदा वळसा घातला. मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तीन भाषांतून सल्ले येत होते. हवा दोन-दोनने कमी करून झाली, परत वाढवून झाली. मागच्या चाकांवरचा खडू जसाच्या तसा. गाडी इतकी हलकी झाली होती की मागची चाकं जमिनीशी ओळखच दाखवत नव्हती.

संध्याकाळी शेजारी घमेली न्यायला आला. त्याने रिकाम्या गाडीत डोकं घातलं.

"गाडी खाली केली कायले, सर?"

मी ऑटोक्रॉस समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सीट काढली ते बरंच झालं जी. धानाचे दोन पोते बसतीन. गिरणीवर टाकून देता का?"

दोन पोती बसली, वर बारा घमेली बसली, घमेल्यांवर शेजारी बसला. गल्लीतल्या तीन वळणांनंतर गिरणीपाशी थांबलो, तर पुतण्या उतरून मागच्या चाकाशी उकिडवा बसला. मोबाईलचा उजेड पाडून बराच वेळ बघत राहिला.

खडू बरोबर खुणेपर्यंत पुसला होता.