हुद्देवार प्रेरणा

मनुष्य काम का करतो, या प्रश्नाने ज्यांची झोप उडालेली असते, ते गृहस्थ बहुधा स्वतः काम करणाऱ्यांपैकी नसून इतरांकडून काम करवून घेणाऱ्यांपैकी असतात, ही गोष्ट या विषयावरचे विपुल वाङ्मय चाळणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. कारकुनाने साहेबांच्या प्रेरणेचा शोध घेतल्याचा एकही दाखला आमच्या वाचनात नाही. साहेब मात्र कारकुनाच्या अंतःकरणाचा ठाव घेण्यासाठी व्याख्याते बोलावतात, शिबिरे भरवतात आणि प्रश्नावल्या छापतात. वास्तविक कारकुनालाच विचारले असते, तर घरभाडे, वाण्याची उधारी आणि मुलीच्या क्लासची फी अशी त्रिविध प्रेरणा त्याने एका दमात सांगून टाकली असती. परंतु इतके सोपे आणि शिवाय खर्चिक उत्तर कोणत्याही शास्त्रास मानवत नाही.

या शास्त्राचे आद्य आचार्य फ्रेडरिक टेलर हे निदान सरळ मनाचे होते. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात बिडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाकाठी साडेबारा टन माल गाडीत चढवीत असे. त्याने केव्हा उचलावे आणि केव्हा विसावा घ्यावा, हे घड्याळ लावून ठरवून दिल्यावर तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, असा हिशेब त्यांनी १९११ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून किंचित अधिक, या व्यवहारातील बाकी कोणाच्या खाती जमा झाली, हे सुज्ञांस सांगणे नलगे. तथापि अधिक कामास अधिक दाम, एवढा सौदा तरी त्यात उघड होता.

पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ साली दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला तेव्हा काम वाढले आणि उजेड कमी केला तेव्हाही ते अपेक्षेप्रमाणे घटेना. या आणि यानंतरच्या प्रयोगांवरून एल्टन मेयोप्रभृती पंडितांनी असे अनुमान काढले की, आपल्याकडे कोणी आस्थेने पाहत आहे, या जाणिवेनेच माणसाला हुरूप येतो. अनुमान उदात्त होते. आमच्या कचेऱ्यांनी त्यातला व्यवहार्य तेवढा भाग उचलला, म्हणजे दिवे मंदच राहू दिले आणि पाहण्यासाठी कॅमेरे बसवले.

परंतु खरी पर्वणी आली ती १९५९ साली, फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या ग्रंथाने. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी सांगितले की, अपुरा पगार माणसाला असंतुष्ट करतो खरा, पण पुरेसा पगार मिळाल्याने तो कामात रमतोच असे नाही. त्यासाठी कामात गोडी, कर्तबगारीची संधी, जबाबदारी आणि केल्या कामाची कदर ही हवीत. या सिद्धान्ताचा पूर्वार्ध बाजूस सारून उरलेल्या भागाचे आमच्याकडे ज्या भक्तिभावाने पालन झाले, त्याला तोड नाही. पगार वाढवून उपयोग नाही, हे तर ऋषिवाक्यच ठरले; जबाबदारी द्यावी म्हणून रिकाम्या राहिलेल्या शेजारच्या मेजाचा अतिरिक्त कार्यभार त्याच कारकुनाच्या गळ्यात घातला; आणि कदर ही सर्वांत स्वस्त असल्यामुळे तिचा तर समारंभच सुरू केला.

असा एक समारंभ आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. मार्चअखेरीस रात्री दहा-दहापर्यंत बसून हिशेब जुळवणाऱ्या एका ज्येष्ठ लिपिकाला व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ आणि आडनावातली वेलांटी चुकलेले प्रशस्तिपत्र देण्यात आले; छायाचित्रकाराला पहिल्या खेपेस साहेबांचे मुख नीट न मिळाल्याने शाल काढून पुन्हा घालण्यात आली; आणि कर्मयोगावर अर्धा तास भाषण झाले. खाली उतरल्यावर त्या सत्कारमूर्तीने हलक्या आवाजात लेखाशाखेतल्या सोबत्याला विचारले, “अहो, माझ्या जादा कामाच्या बिलाचं काय झालं?” बिल परत आले होते. त्यावर ‘तूर्त तरतूद उपलब्ध नाही’ असा शेरा होता, आणि शेऱ्याखालची सही शाल घालणाऱ्या हाताचीच होती.

यावरून पैसा ही प्रेरणाच नव्हे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाई करील. पैशाने माणूस प्रेरित होत नाही, हा नियम एका ठराविक हुद्द्याच्या खालीच लागू आहे. त्या हुद्द्याच्या वर पाऊल पडताच मनुष्यस्वभाव आमूलाग्र पालटतो आणि तेथे कोट्यवधींचे वेतन, कंपनीचे समभाग आणि निवृत्तीनंतरचे सल्लागारपद यांवाचून कोणाचे चित्त कामात लागेनासे होते. कौटिल्याला हे रहस्य ठाऊक होते, पण त्याने ते झाकून ठेवले नाही. अर्थशास्त्रातील मुशाहिऱ्याच्या यादीत मंत्री, पुरोहित आणि सेनापती यांना ४८,००० पण, तर तळाच्या चाकराला ६० पण, असा आठशेपटीचा फरक करून, एवढे मिळाले म्हणजे हे वरिष्ठ लोक मोहास बळी पडणार नाहीत आणि रुष्टही होणार नाहीत, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले. साठ पणवाल्यास शाल द्यावी, असे मात्र तो म्हणत नाही; ती भर आधुनिकांची.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. शास्त्र खरे की खोटे, हे पाहण्यासाठी एक वर्षभर अदलाबदल करावी: कारकून, शिपाई आणि सफाई कामगार यांना रोख रक्कम द्यावी, आणि सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांना वार्षिक वाढीऐवजी शाल, श्रीफळ व टाळ्या यांवर प्रेरित करावे. ही सूचना विचारार्थ एखाद्या उच्चाधिकार समितीकडे धाडण्यास आमची हरकत नाही. सदस्यांना दर बैठकीचा भत्ता आणि प्रवासखर्च मात्र आगाऊ मंजूर करावा लागेल. नुसत्या श्रीफळावर गणपूर्ती होणे कठीण.