तीन हजार ग्रंथांची फेरी

बिदरच्या साहित्यिक वारसा फेरीत महमूद गावानच्या मदरशापुढे मंडळी उभी राहिली, की गाइड एकच आकडा फेकतो: तीन हजार. इथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती म्हणे. लगेच माना डोलतात, मोबाइल वर जातात, रंगीत फरश्यांचे तुकडे अंगावर वागवत उरलेला एकुलता मिनार चौकटीत बसतो आणि साहित्य आटोपतं. तीन हजारांतल्या एका तरी ग्रंथाचं नाव काय, हा आगाऊ प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तरादाखल मिनाराची उंची मिळते. मदरसा १४७२ चा, औरंगजेबाच्या अमलात १६९६ साली आतली दारू पेटून बराच उडाला, हेही तोंडपाठ. मात्र हा गावान, बहमनी सुलतानाचा वजीर, स्वतः लेखक होता, त्याची फारसी पत्रं ‘रियाज-उल-इन्शा’ या नावानं ग्रंथरूपात आहेत, आणि त्याचाच शिक्का असलेल्या कोऱ्या कागदावर हितशत्रूंनी ओडिशाच्या राजाला खोटं पत्र लिहून १४८१ साली सुलतानाकरवी त्याचं मुंडकं उडवलं, ही हकिकत फेरीत बसत नाही. जन्मभर पत्रं लिहिणारा माणूस न लिहिलेल्या पत्रापायी मेला. साहित्याच्या फेरीला याहून मोठा ऐवज कुठला हवा? पण पत्राबरोबर सेल्फी निघत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं, की दगड दाखवता येतो, पुस्तक कसं दाखवणार? अहो, वाचून! बहमनी काळात निजामीनं रचलेली ‘कदमराव पदमराव’ ही दखनीतली जुनी मसनवी घ्या. हस्तलिखित कराचीत असेल, पण ती १९७३ मध्येच छापून झाली आहे. थकलेल्या वसुलीपायी कोवळ्या वयाच्या संतकवी दासोपंतांना ओलीस ठेवलं ते बिदरातच, असं परंपरा सांगते. पुढे त्यांनी अंबाजोगाईत चक्क कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहून काढला. दुसरा बचाव असा, की निदान लोक येतात तरी. येतात ना. तीन हजार ऐकतात, चहा पितात, जातात. एवढ्यासाठी ‘साहित्यिक’ हे विशेषण कशाला राबवायचं? किल्ला पाहायची सहल म्हणा, कोणी अडवलंय?

आणि आपल्या मराठी मंडळींबद्दल तर बोलायलाच नको. राज्य पुनर्रचनेत उदगीर इकडे आणि भालकी तिकडे का गेली, यावर १९५६ पासून घसा कोरडा करायचा, आणि बिदरात उतरल्यावर विचारायचं, ‘इथं मराठीचं काय आहे हो?’ विचारणारा बहुधा गाणगापूरहून आलेला असतो, पिशवीत गुरुचरित्राची पोथी असते, सात दिवसांचं पारायणही झालेलं असतं. त्याच पोथीच्या पन्नासाव्या अध्यायात, मांडीवर फोड आलेला बिदरचा यवन राजा श्रीगुरूंच्या दर्शनाला गाणगापुरी येतो. कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, बिदरचा राजा आणि सरस्वती गंगाधरांची मराठी ओवी एका अध्यायात बसली आहे. पोथी पिशवीत घेऊन तुम्ही विचारता, मराठीचं काय? भक्तीनं वाचलं की मजकूर दिसत नाही, असा नियम आहे का कुठे? सरकारनं भाषेसाठी काय केलं, याचा हिशेब मागायला आपण पुढे. घरातलं पुस्तक मात्र सोवळ्यात.

फेरी काढणाऱ्यांना विनंती एवढीच: एका थांब्यावर पन्नासावा अध्याय काढा आणि मोठ्यानं वाचा. वाचू शकणारा गाइड मिळत नसेल, तर फी परत करा.