हवा काढणारा

मोटार चालू आहे, मीटर फिरते आहे, पण पाइपाच्या तोंडातून नुसती फुसफुस येते आहे, अशा वेळी गावात ज्याला फोन जातो तो हवा काढणारा. हा धंदा नव्हे. त्याची कुठे पाटी नसते, परवाना नसतो, कुठल्या आयटीआयत हा कोर्सही शिकवत नाहीत. तो स्वतः शेतकरीच असतो, साधारण पन्नाशीच्या पुढचा. आपल्या रानातल्या पाइपलाइनीशी दहापाच वर्षे भांडून झाल्यावर तो दुसऱ्यांच्या पाइपलाइनींकडे वळलेला असतो.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, माकणीला, तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. औसा, निलंगा ही गावे नळाच्या पाण्यासाठी याच जलाशयाकडे पाहतात, आणि काठचे शेतकरी मोटारी टाकून पाणी लांबच्या रानात नेतात. हा मुलूख डोळ्यांना सपाट दिसतो, पाइपाला दिसत नाही. ओढा उतरायचा, बांध चढायचा, माळावरून जायचे, पुन्हा ओढा. पाइप जिथे चढून परत उतरतो त्या माथ्यावर हवा बसते, आणि जिथे हवा बसते तिथे ही माणसाची जात निपजते. माकणीच्या परिसरात तिला हवामान मानवते.

हवा काढणाऱ्याची हत्यारे थोडी: एक पाना, एक पक्कड, थोडी सुतळी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी. आल्या आल्या तो मोटारीकडे बघत नाही. बांधावर उभा राहतो आणि पहिले वाक्य बोलतो: “आधी बंद करा.”

मालकाला हे वाक्य कधीच आवडत नाही. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी ऐन मध्यरात्री, आणि आलेली वीज वाया घालवणे हे पाप समजले जाते. पाणी येत नसले तरी मोटार चालू असली की काहीतरी चालले आहे असे वाटते. “मोटार चालू हाय की, पाणीच येईना झालंय,” असे मालक पुन्हा एकदा सांगतो, जणू आवाज ऐकू न आल्यामुळे पाहुणा बंद करायला सांगत असावा.

बंद करण्यात मात्र शास्त्र आहे. शेतातला सेंट्रिफ्यूगल पंप पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकतो, आणि त्याचा जोर तो ज्याला फेकतो त्याच्या वजनावर ठरतो. पाण्याचा एक घनमीटर 1000 किलो भरतो, हवेचा जेमतेम सव्वा किलो. जो पंप पाणी 30 मीटर चढवतो, त्याच्या पोटात हवा शिरली तर तो हवेचेच 30 मीटर पेलण्याइतका दाब देतो. पाण्याच्या हिशेबात हा दाब चार सेंटीमीटरही होत नाही. एवढ्यात विहिरीतले पाणी काठावर येत नाही, ते पाइपात नुसते जागेवर हलते. वर कोरडा फिरलेला पंप तापतो, सील जळते, आणि मग हवा काढणाऱ्याऐवजी मोटार बांधणाऱ्याकडे जावे लागते. मोटार थांबली की पाणी निवांत होते, बारीक बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे होतात आणि आपल्या पायाने वर जातात. म्हणजे हवा काढण्याचा निम्मा भाग हवेला जाऊ देण्याचा आहे. मालकाला हे समजावून सांगण्यापेक्षा हवा काढणारा तंबाखू मळायला घेतो. दोन्हीला सारखाच वेळ लागतो.

त्यानंतर चौकशी. “काल कोण आलतं?” हे त्याचे दुसरे वाक्य. आदल्या दिवशी कोणीतरी पाइप खोललेला असतोच. मालकाचा मेहुणा असेल तर ते कळायला वेळ लागतो.

हवेच्या दोन जाती आहेत आणि ही फोड करता येणे हीच या माणसाची खरी विद्या. पंपाच्या पुढच्या बाजूला, डिलिव्हरीत, जोड सैल असेल तर पाणी गळते, चिखल होतो, पोरालाही दिसते. पंपाच्या मागे, सक्शनच्या पाइपात, उलटे असते. तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती असूनही जोड कोरडा ठणठणीत. मालक या कोरडेपणाचा पुरावा म्हणून हात फिरवून दाखवतो. हवा काढणारा खिशातून उदबत्ती काढतो, पेटवतो, मोटार क्षणभर चालू करायला लावतो आणि जोडाजोडाभोवती ओवाळत जातो. धूर जिथे आत वळतो तिथे फट. घरातली म्हातारी दुरून हात जोडते. फट सापडली की ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. पट्टी नसेल तर शेण. विहिरीच्या तळाचा फूटवॉल, ज्याला शिवारात सर्रास फुटबॉल म्हणतात, धरत नसेल तर शेणकाला वरून ओततात. तो झडपेच्या फटीत जाऊन बसतो आणि पंपात भरलेले पाणी खाली जाऊ देत नाही. हा उपाय पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, पण चार दिवस टिकतो, आणि चार दिवसांत पाळी बदलते.

सक्शनला आणखी एक मर्यादा आहे, जिच्यापुढे पट्टी आणि शेण दोन्ही हरतात. पंप पाणी ओढत नाही. तो पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला ढकलून वर पाठवते. तिची ताकद हिशेबाने 10 मीटरच्या थोडी वर, व्यवहारात सहासात मीटर. उन्हाळ्यात पाणी याच्या खाली उतरले की मोटार उतरवावी लागते, दुसरा इलाज नाही. हे सांगितल्याबद्दल हवा काढणाऱ्याला चहा मिळत नाही.

डिलिव्हरीतली हवा ही चालण्याची कामगिरी आहे. पाइपलाइनीच्या कडेने जात, अधूनमधून पाइपाला कान लावत तो माथा शोधतो. भरलेला पाइप एकसारखा गुणगुणतो, हवेचा पाइप गुळण्या करतो. माथ्यावर एअर वॉल, म्हणजे हवेची झडप, बसवलेला असावा अशी अपेक्षा असते. बसवलेलाही असतो, फक्त तो पाणी थुंकतो म्हणून कोणीतरी लाकडाची खुंटी ठोकून बंद केलेला असतो. ज्या यंत्राचे काम थुंकणे तेच आहे त्याला थुंकतो म्हणून शिक्षा, हे हवा काढणाऱ्याचे कायमचे दुःख आहे. सरकारी योजनांच्या मोठ्या पाइपलाइनींवर नेमका उलटा प्रकार: तिथला गळका एअर वॉल म्हणजे उन्हाळ्यातला सार्वजनिक नळ. घागरींची रांग लागते, गुरे पाणी पितात, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे कोणी प्रेमाने बघत नाही. शिवाय एअर वॉलला दुहेरी नोकरी आहे. पाइप भरताना हवा बाहेर सोडायची, आणि मोटार बंद पडून पाणी मागे पळू लागले की हवा आत घ्यायची, नाहीतर आतल्या पोकळीने पातळ पाइप चपटा होतो. जी हवा काढण्यासाठी पायपीट केली ती पुन्हा आत का घ्यायची, हे मालकाला पटत नाही. तो खुंटी जपून ठेवतो.

या शास्त्रात एक विरोधी पंथही आहे: “मोठी मोटार बसवा.” त्याचे प्रचारक बहुधा दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. जोराच्या प्रवाहाने बुडबुडे पुढे वाहून जातात हे खरेच आहे, त्यामुळे हा पंथ सर्वस्वी खोटा नाही, महाग आहे. पाणबुडी मोटारींनी हवा काढणाऱ्याचे काम घटवले. मोटारच पाण्यात बुडलेली, म्हणजे सक्शनचा पाइप नाही, फूटवॉल नाही, उदबत्ती नाही. मधे 2016 चा उन्हाळा तर असा आला की लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत पाइपात हवा भरपूर होती, पण काढून तिच्या जागी घालायला काही नव्हते.

अलीकडे या विद्येला अनपेक्षित शाखा फुटली आहे. अशा माणसाचा एखादा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत असतो आणि त्याने घरच्या कॉम्प्युटरला पाण्याचे कूलिंग बसवलेले असते. कल्पना काही चैनीची नाही: पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत 2019 साली आलेला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवतात, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता उचलते. पुतण्याच्या पेटीत एक छोटी टाकी, मुठीएवढा पंप, प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा आणि पंख्यांमागे रेडिएटर. सगळ्यावर रंगीत दिवे. आणि आत गुळगुळ आवाज. तो काकांना फोन करतो.

“आधी बंद कर,” काका म्हणतात.

पुढचे सगळे तेच आहे, फक्त शिवार टेबलावर मावते. टाकी पाण्याच्या या फेऱ्यात सर्वांत वर हवी. ती पंपाच्या आधी आणि पंपाहून उंच असावी, म्हणजे पंप कधी कोरडा पडत नाही. हे पंप त्यातल्या पाण्यानेच थंड आणि वंगणलेले राहतात. भरताना बाकी कॉम्प्युटरची वीज तोडून फक्त पंपाला द्यायची. टाकी भरायची, काही सेकंद पंप, पातळी तळाशी येण्याआधी बंद, पुन्हा भरायचे. मग पेटी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वाकवायची, म्हणजे रेडिएटरच्या कोपऱ्यांतली हवा वाट शोधते. काकांना इथे हेवा वाटतो: माळ असा वाकवता आला असता तर किती पायपीट वाचली असती. बंद डब्यात मिळणाऱ्या तयार कूलरात टाकी नसते. तिथे रेडिएटरचा माथा पंपाच्या वर ठेवायचा, कारण रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे पाणी झिरपून उडते आणि त्या जागी जमलेली हवा उंचावर जाऊन बसते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो: दुधासारखे बारीक बुडबुडे दिसताहेत. हे घाबरण्याचे नव्हे. थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापले की सुटते, उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातही सुटते. टाकीचे झाकण सैल ठेवून पंप दिवसभर चालवला, पातळी उतरेल तशी भर घातली की ते जातात. तापमानावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. त्रास होतो तो आवाजाचा, आणि त्याहून जास्त पेटीला काच असल्याचा. शेवटी टाकीत वरती बोटभर जागा रिकामी सोडून झाकण आवळायचे, कारण तापलेले पाणी फुगते. ही उरलेली बोटभर हवाही काढता येईल का, असे पुतण्या विचारतो. “झाकण लाव आणि जेवून घे,” काका म्हणतात, आणि फोन ठेवतात.