चाल कशी लावावी: होतकरू मुलींसाठी प्राथमिक मार्गदर्शिका (हातकणंगले तालुका आवृत्ती)

ही पुस्तिका गाण्याला चाल लावू पाहणाऱ्या मुलींसाठी आहे. नुसतं गायचं असेल तर पुस्तिकेची गरज नाही. त्यासाठी क्लास आहेत, गणपतीतल्या स्पर्धा आहेत, फ्लेक्सवर फोटो आहे आणि डोळे पुसणाऱ्या आत्याही आहेत. चाल लावणारीच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

साहित्य

पेटी एक (घरची नसल्यास भजनी मंडळाची, भजन नसेल त्या वारी). वही एक. रेकॉर्डिंग होणारा मोबाइल एक. शक्य असल्यास भाऊ एक. भाऊ पेटी उचलायला नको आहे. कार्यक्रम संपला की 'चाल झकास बांधलीय' म्हणत लोक हात मिळवायला पुरुष शोधतात आणि थेट तबलजीकडे जातात. भाऊ जवळ उभा असला, तर श्रेय निदान घरात राहतं.

पायरी १: वंशावळ तयार ठेवणे

'कुणाकडं शिकलीस?' हा प्रश्न गाणं ऐकण्याआधी येतो. उत्तर तालुक्यातच आहे. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आपलेच. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. ही दोन नावं दमदारपणे घेतली की विचारणारा गप्प होतो.

पुढचं शिक्षण हवं असल्यास हातकणंगले स्टेशनवरून मिरजेकडची पॅसेंजर धरावी. निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मग मिरज. तिथं तंबोरे बनतात आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालयही तिथंच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देत जाव्यात. त्यात बहुतेक गुण दुसऱ्याची बंदिश नीट म्हटल्याचे असतात. स्वतःची बंदिश बांधल्याबद्दल गुण मागू नयेत, परीक्षकांची पंचाईत होते.

पायरी २: नाव घालणे, शक्यतो दुसरंच

आता उलट दिशेची गाडी धरून कोल्हापूरला यावं. जयप्रभा स्टुडिओवाल्या भालजी पेंढारकरांना 'मोहित्यांची मंजुळा'साठी (१९६३) वेळेवर संगीतकार मिळेना. लता मंगेशकर म्हणाल्या, मी करते. भालजींना काळजी पडली ती त्यांच्या नावाची, चित्रपट पडला तर? तोडगा निघाला: 'आनंदघन'. या नावानं त्यांनी भालजींच्या चार चित्रपटांना संगीत दिलं. त्यातल्या 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला. मंचावरून आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं आणि लताबाई आपल्या खुर्चीत बसून राहिल्या. आनंदघन समोरच बसलेत हे निवेदकाला सांगावं लागलं, तेव्हा त्या उठल्या.

होतकरू मुलींनी या गोष्टीतून धडा घेताना जपून घ्यावा. 'राम राम पाव्हणं' (१९५०) या चित्रपटाला लताबाईंनी आधीच स्वतःच्या नावानं संगीत दिलं होतं. म्हणजे काम येत होतं, अडचण पाटीची होती. त्याआधी बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या'चं (१९३६) संगीत करणाऱ्या खुर्शीद होमजींनाही पारशी समाजात गहजब नको म्हणून 'सरस्वतीदेवी' व्हावं लागलं होतं. एका बाईनं देवीचं नाव घेतलं, दुसरीनं ढगाचं. तुमच्यासाठी काय उरलंय ते पाहा. काहीच न सुचल्यास आधार कार्डावरचं घाला.

पायरी ३: परवानगी असलेल्या खोलीतून आत शिरणे

मीना खडीकर यांनी १९६१ मध्ये 'माणसाला पंख असतात'चं संगीत केलं. पण घरोघरी पोचली ती पाऊस पडेल का असं भोलानाथाला विचारणारी त्यांची चाल. आज पन्नाशीतला माणूसही ती चुकत नाही. संगीतकाराचं नाव विचारलं तर मात्र बरोबर चुकतो. बालगीतं केल्यास कुणी अडवत नाही, कारण ते बाईचं कामच समजलं जातं. या सवलतीचा भरपूर फायदा घ्यावा.

पायरी ४: रागाला हात लावणे

इथं हातमोजे घालावेत. राग बाईनं गावा, पण बांधावा असं सगळ्यांना वाटत नाही. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकल्या होत्या, त्यामुळे प्रयोग आणि युक्तिवाद दोन्हींची सवय होती. त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या, अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग निर्माण केले आणि मैफलीत आपल्याच रचना मांडल्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी 'रागरचनांजली'त आपल्या बंदिशी छापूनच टाकल्या (२००४). ही युक्ती उत्तम. कागदावर नाव आलं की ती बंदिश 'पारंपरिक' व्हायला अवघड जातं.

पायरी ५: गावातला आवाज गोळा करणे

इंदूरची मराठी मुलगी स्नेहा खानवलकर 'ओये लकी! लकी ओये!'साठी (२००८) हरियाणात हिंडली आणि 'गँग्ज ऑफ वासेपुर'साठी (२०१२) बिहारपासून त्रिनिदादपर्यंत गेली. आपल्याला एवढं लांब जायला नको. इचलकरंजीचे माग, हुपरीतली चांदीवरची ठोकाठोक, साखर कारखान्याचा भोंगा, फाटकात अडकलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं, सगळं तालुक्यातच आहे. गणपतीतला डॉल्बी रेकॉर्ड करू नये, मोबाइल बिघडतो.

पायरी ६: पैसे

करारावर 'सर्व हक्क' असा शब्द दिसला की पेन खाली ठेवावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो की चित्रपटातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा त्याला सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी. ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं. तिथल्या अर्जात संगीतकाराचा रकाना असतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारतंय, तर सावकाश, सुवाच्य अक्षरात भरावा.

शंका-समाधान

*आमच्या घरात हे आधी कुणी केलंय का?*
पणजीनं. जात्यावरच्या ओव्यांचे शब्द आणि गळा दोन्ही तिचेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि गाणारीचं नाव, गाव लिहून ठेवलं. तुमच्या पणजीचं नाव कुणी लिहिलं नसेल, तर ते काम आधी उरकावं.

*संगीत संयोजक पुरुषच हवा का?*
नको. पण असला तर पोस्टरवर त्याचं नाव तुमच्या खाली आणि बारीक अक्षरात आहे, हे छापायला जाण्यापूर्वी स्वतः पाहावं. छापखान्यात अक्षरांना आपोआप मोठं व्हायची खोड असते.

*बघायला पाहुणे आले तर सांगावं का?*
'गाणं येतं' एवढंच सांगावं. पाहुणे खूश होऊन एखादं म्हणायला लावतात. तेव्हा स्वतःचंच म्हणावं आणि 'चाल कुणाची?' असं कुणी विचारेपर्यंत पोहे आतच ठेवावेत. कुणीच विचारलं नाही, तर पोहे घरच्यांनी खावेत.