साहेबांची अहेरी

मे महिना लागला की अहेरीत दोन पिकं एकदम येतात. एक तेंदूपत्त्याचं, दुसरं बदल्यांचं. तेंदूपत्त्यासाठी पहाटे अंधारात उठून जंगलात जावं लागतं, पानं तोडून सत्तर-सत्तरांची पुडकी बांधावी लागतात आणि ती फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, नेऊन मोजून द्यावी लागतात. बदल्यांचं पीक मुंबईत पंख्याखाली पिकतं. त्यातलं कोणालाच नको असलेलं पुडकं आमच्याकडे येतं.

आता हे सगळं कायद्यानं होतं, हे मला मान्य आहे. त्यासाठी २००५ चा खास कायदा आहे. त्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम' असं आहे. संदर्भात ते पूर्ण लिहिलं की टिपणीचं अर्धं पान भरतं आणि बाबूला काम केल्याचं समाधान मिळतं. एका जागी साधारण तीन वर्षं राहायचं आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये करायच्या, असं त्यात आहे. बदली आणि विलंब यांना एकाच कायद्यात बसवणारा माणूस आमच्या भागात नोकरी करून गेला असावा, असा माझा अंदाज आहे. कारण अहेरीची ऑर्डर निघाल्यापासून साहेब अहेरीत उगवेपर्यंत जो काळ जातो, त्यात धानाचं एक पीक निघू शकतं.

मी इथलाच. आजी तेलुगू, आजोबा मराठी, शेजार गोंडी. एका कार्यालयात बाबू म्हणून माझं आयुष्य गेलं. कोणतं कार्यालय ते विचारू नका, अजून पेन्शनचे कागद व्हायचे आहेत. माझ्या टेबलावरून मी पुष्कळ साहेब येताना आणि जाताना पाहिले, आणि माझ्या लक्षात आलं की अहेरीत साहेब कधी एकटा येत नाही. बॅगेबरोबर तो स्वतःची एक अहेरी घेऊन येतो. ती कोल्हापुरात, ठाण्यात, नाशकात आधीच तयार झालेली असते. थोडी टीव्हीच्या बातम्यांतून, थोडी 'गडचिरोलीला पाठवीन' या धमकीतून, आणि बरीचशी अशा वरिष्ठांकडून, जे स्वतः नागपूरच्या पुढे कधी आलेले नसतात. आमचा गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी आम्ही चांद्यात होतो, तेव्हा बहुधा चांद्याची धमकी चालत असेल.

साहेबांच्या त्या अहेरीत झाडं, साप आणि गोळीबार असतो. आमच्या अहेरीत प्राणहिता आहे. वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळाल्या की त्यांची प्राणहिता होते, आणि तिच्या पलीकडे तेलंगणा. आत्राम राजांची जुनी जमीनदारी आहे, राजवाड्याचा दसरा आहे. कोर्ट आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, अप्पर जिल्हाधिकारी आहेत. हाकेच्या अंतरावर आलापल्लीचा साग आहे. बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया आणि मुलचेऱ्याकडचे कोणी आले असतील तर बंगाली, अशा सगळ्या भाषांत एकाच किलोभर कांद्यांवर घासाघीस चाललेली असते. हे सारं साहेबाला दिसत नाही असं नाही. दिसतं, पण त्याच्या अहेरीत ते बसत नाही, म्हणून तो ते बाजूला ठेवतो.

असेच एक साहेब हजर झाले. बॅग शासकीय निवासस्थानी नेऊन ठेवली ती त्यांनी पुरती उघडलीच नाही. लागेल तेवढे कपडे वरच्या कप्प्यातून काढायचे. बदली रद्द करण्याचा अर्ज मात्र तालुक्याचं नाव घालून आधीच टाइप करून आणलेला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आमच्या शिपाई मामांना हळू आवाजात विचारलं, "मामा, अंधार पडल्यावर रस्ता कसा आहे?"

मामा खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "बरा नाही जी."

मामांच्या मनात खड्डे होते. खनिजाच्या ट्रकांनी त्या साली रस्त्याची अशी अवस्था केली होती, की मोटारसायकल कुठून काढावी याचा दिवसासुद्धा विचार करावा लागे. साहेबांच्या मनात वेगळंच होतं. ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडी आदेश काढला की बाहेरगावच्या कर्मचाऱ्यांनी चार वाजता निघावं. मग गावातल्यांनी विचार केला, की आपलं घर कार्यालयापासून दोन गल्ल्या असलं म्हणून अंधार आपल्याला सोडतो काय? सव्वाचारला आमच्या कार्यालयात फक्त भिंतीवरचं घड्याळ कामावर असे.

इथे कोणी खोटं बोललं नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. साहेबांना त्यांच्या अहेरीत राहायचं होतं, आम्ही ती राहण्याजोगी ठेवली. दौऱ्याचं नाव निघालं की आस्थापनेच्या ताई नुसत्या "सर, तिकडे..." एवढं म्हणून थांबत. पुढचं वाक्य साहेब मनातल्या मनात पूर्ण करीत आणि दौरा रद्द होई. ताईंनी तीन वर्षांत ते वाक्य एकदाही पूर्ण केलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिकडे जेवायची सोय नाही, एवढंच म्हणणार होते मी."

याच साहेबांच्या काळात एक म्हातारे बाबा आतल्या गावातून आले आणि कूलरसमोर उभे राहिले. काही बोलेनात. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि मला बोलावून सांगितलं, की हे लोक दबलेले असतात, बोलायला घाबरतात. नंतर विस्तार अधिकारी आले. ते म्हणाले, हा हट्टी दिसतो, नुसता उभा राहून दबाव आणतोय. तिसरे एक प्रशिक्षणार्थी होते, नुकतेच पुस्तकांतून बाहेर पडलेले. त्यांनी त्या उभं राहण्यात मूक प्रतिकार पाहिला आणि डायरीत काहीतरी लिहिलं. तासभर कार्यालयात त्या माणसाच्या स्वभावावर चर्चा चालली. शेवटी मामांनी बाबांना माडियात विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "भाचा आधार कार्डाच्या लाइनीत उभा आहे जी. कागदं त्याच्याजवळ हायेत. तेवढ्यात थंड हवा घेऊन राह्यले."

मला त्यात नवल वाटलं ते हे की तिघांनी मिळून त्या बाबांचा स्वभाव ठरवला, पण बाहेर ४५ अंश ऊन आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दुसरा उशिरा आला तर तो आळशी आणि आपण उशिरा आलो तर एसटी बंद पडली, हा हिशेब आमच्या हजेरीपत्रकाजवळ रोज सकाळी मांडला जातो.

अशा गोष्टी सुधाराव्यात म्हणून वरून एकदा प्रशिक्षण आलं. विषय होता 'दृष्टिकोन, व्यक्तिमत्त्व व कार्यवर्तन'. प्रशिक्षक बाहेरचे, उत्साही. त्यांनी पडद्यावर ते प्रसिद्ध चित्र दाखवलं, ज्यात एकाला तरुणी दिसते आणि दुसऱ्याला म्हातारी. हिल नावाच्या अमेरिकन चित्रकारानं ते १९१५ साली एका विनोदी साप्ताहिकात छापलं आणि त्याचं नाव 'माझी बायको आणि माझी सासू' असं ठेवलं होतं. मग शंभर वर्षं जगभरच्या कार्यालयांनी ते गंभीर चेहऱ्यानं पाहिलं. आमच्याकडे अर्ध्यांना तरुणी दिसली, अर्ध्यांना म्हातारी, आणि मामांना अस्वल. कुठे आहे अस्वल, म्हणून प्रशिक्षक पडद्याजवळ गेले. मामांनी बोटानं दाखवलं. त्यानंतर आम्हा सगळ्यांना अस्वलच दिसू लागलं आणि ते सत्र आवरतं घ्यावं लागलं. मग त्यांनी अर्धा भरलेला पेला टेबलावर ठेवला आणि विचारलं, तुम्हाला काय दिसतं? मागून ताई म्हणाल्या, "सर, पाणी बोरचं आहे की उकळलेलं?"

खरं तर मला त्या प्रशिक्षकांकडून एका गोष्टीचा उलगडा हवा होता. आमच्या भागात काम करणाऱ्याला शासन जास्तीचे पैसे देतं. ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, तिला आम्ही 'एकस्तर' म्हणतो, आणि मूळ पगाराच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता. भत्त्याची कमाल मर्यादा १५०० रुपये ठरली, म्हणजे प्रोत्साहन १५०० रुपयांपलीकडे वाढू नये याची काळजी घेतलेली आहे. तर प्रश्न असा, की एकस्तर घेणारा माणूस सकाळ-संध्याकाळ अहेरीला नावं ठेवतो, आणि आमच्याकडची कंत्राटी मुलं, ज्यांना एकस्तर नाही, भत्ता नाही, पगारही कधी कधी दिवाळीनंतर, ती सांगतात, "इथली हवा लय भारी आहे, काका." हे कसं?

उत्तर मला नंतर वाचनात सापडलं. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या दोघांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना तासभर खुंट्या फिरवण्यासारखं कंटाळवाणं काम दिलं आणि मग पुढच्या माणसाला 'काम फार मजेचं आहे' असं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. ज्यांना वीस मिळाले त्यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलं, की काम रटाळ होतं. एक डॉलरवाल्यांना मात्र ते खरंच बरं वाटू लागलं होतं. एवढ्याशासाठी आपण का राबलो याचं कारण त्यांना स्वतःला द्यायचं होतं, आणि डॉलर काही त्या कारणाला पुरेना. तेव्हापासून कोणी अहेरीची हवा वाखाणू लागला की मी आधी त्याची पगारपत्रिका पाहतो.

पण यावरून माणसाच्या बोलण्यावरून त्याचं काम ओळखता येईल, असं समजलात तर फसाल. आमच्याकडे एक साहेब आले, त्यांनी हजर होताच भाषण केलं. या भूमीत सेवा करायला मिळणं हे माझं भाग्य, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. ताईंनी रुमाल काढला. ते साहेब पुढे बहुतेक काळ जिल्ह्याला बैठकीत असत, आणि बैठक नसेल तेव्हा रजेवर. त्यांच्यामागून आले ते अहेरीला शिव्या देतच. उकाड्याला शिव्या, डासांना शिव्या, रेंजला शिव्या, ज्यानं ऑर्डर काढली त्याच्या तर सात पिढ्यांना. शिव्या देत देत ते दुसऱ्या आठवड्यात मोटारसायकलवर मामांना मागे बसवून पेरमिलीच्या पुढे गेले. पावसाळ्यात नाल्याच्या अलीकडे गाडी लावून पाणी उतरण्याची वाट पाहत बसले आणि तिथेच, दगडावर, सात दाखल्यांवर सह्या केल्या. आम्हा बाबूंची त्या काळात पार वाट लागली. चारला निघणं बंद. ताईंचं "सर, तिकडे..." आलं की ते म्हणायचे, "तिकडे काय? बोला पुढे." ताईंना पहिल्यांदा वाक्य पूर्ण करावं लागलं.

लापिएर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकालाही हेच कोडं पडलं होतं. चिनी लोकांविषयी तिकडे फार आकस होता त्या काळात त्यानं एका चिनी जोडप्याबरोबर देशभर प्रवास केला. अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खानावळी झाल्या, नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच हॉटेलांना पत्रानं विचारलं, की चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी कळवलं, नाही. १९३४ साली हे छापून आलं. कागदावर नाही आणि दारात या, असा तो प्रकार. आमच्या शिव्यासाहेबांचं तेच, आणि भाग्यसाहेबांचं नेमकं उलटं.

आमच्याच जिल्ह्यात लोकांनी याच्या पलीकडची कामं केली आहेत, ती सांगायला मला संकोच वाटतो, कारण लगेच लेख भाषणासारखा होतो. तरी दोन सांगतो. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अंगभर कपडे घातलेला माणूस दिसला की माडिया लोक आत पळत. प्रकाश आमट्यांनी त्यांना कपडे घालायला लावण्याऐवजी स्वतःचे कमी केले. अर्धी विजार आणि बंडी, आजपर्यंत. आणि अभय व राणी बंग यांनी गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायांना नवजात बाळांची तपासणी आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं शिकवलं. हे या बायांना झेपणार नाही, असं वाटणारे डॉक्टर पुष्कळ होते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. ही बातमी मी कार्यालयात मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे गंभीर झाले. मग ताई म्हणाल्या, "म्हणजे आता आपल्याला पण काही जमतं असं साहेबांना वाटायला लागलं तर?" आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवण्यात आलं.

यंदाची ऑर्डर परवा आली. कोकणातले साहेब आहेत, पहिल्यांदाच विदर्भात. हजर होण्याआधी चौकशी करावी म्हणून त्यांनी कार्यालयातल्या कोणाचा तरी नंबर मिळवला, तो निघाला मामांचा. मामांनी व्हिडिओ कॉल घेतला. साहेबांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, मागे त्यांच्या घरातला पंखा फिरताना दिसत होता, आवाज तर बाजूच्या टेबलावरून यावा तसा. आम्ही सगळे मामांच्या मागे मान वाकवून उभे.

साहेबांनी विचारलं, "मामा, एकच विचारायचं होतं. तिकडे मोबाइलला रेंज असते का हो?"

मामांनी आमच्याकडे पाहिलं. ताईंनी डोळे मिटले.

"मधूनमधून येते जी," मामा म्हणाले, आणि फोन कापला.