पंप गेला!

खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला, चाकामागं दगड लागला आणि क्लीनर डोकं खाजवत खाली उतरला, की अण्णा येतात. बोलावणं लागत नाही. पांढरा लेंगा, तोंडात तंबाखू, वरच्या खिशात टेस्टर. जुन्या डिझेल गाडीच्या पंपाला टेस्टर कुठं लावतात, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. पुणे-बंगळूर रस्त्यावर दर चार ढाब्यांमागं असा एक अण्णा सापडतो. नाव वेगळं, निदान एकच.

"पंप गेला."

गाडी काळा धूर टाकते? पंप. चढाला पिकअप नाही? पंप. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली? तीही पंपापायीच बसली. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण अण्णांना ही बातमी अजून पोचलेली नाही. "मायको खोलावा लागतोय" असं ते जड आवाजात म्हणतात. त्यांची स्वतःची एक गाडी होती. ती पंपातच गेली, असं गावात बोलतात.

परवा सापडलेलं गिऱ्हाईक कराडचं होतं. जुनी सहाचाकी, दोन्ही अंगाला दोन टाक्या, मध्ये कॉक. मोठ्या टाकीवर गाडी न कुरकुरता पळायची. कॉक फिरवून धाकट्या टाकीवर घेतली, की वीस-पंचवीस किलोमीटरवर दम लागून बंद. अर्धा तास उभी केली, की पुन्हा चालू.

"पंप गरम होतोय, पावणं," अण्णा म्हणाले. "गरम झाला की धरतोय, गार झाला की सोडतोय."

यात गोम अशी, की हे अगदीच खोटं नाही. झिजलेला पंप तापल्यावर खरोखर त्रास देतो. अण्णांचं सगळं शास्त्र असंच असतं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीला तंतोतंत लागू पडणारं.

"पण अण्णा, मोठ्या टाकीवर चालतीया की," ड्रायव्हर म्हणाला. "पंप दोन्हीला एकच हाय."

प्रश्न बिनतोड होता. दोन टाक्यांच्या गाडीची मोठी सोय हीच, की निम्मा तपास कॉक फिरवूनच होतो. एका टाकीवर चालते आणि दुसरीवर मरते, म्हणजे कॉकच्या पुढचं सगळं, फिल्टर, पंप, नोझल, निर्दोष. दोष कॉकात, नाहीतर त्या टाकीकडच्या अंगाला. अण्णांनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"पंपाला कळतंय, कुठल्या टाकीचं डिझेल हाय ते."

यावर कोण काय बोलणार? क्लीनर मुकाट्यानं फिल्टरचा बोल्ट ढिला करून हँडपंप मारायला लागला. मूठ वर ओढली, की हातातून सुटून पुन्हा खाली खेचली जायची. फेस येईना, डिझेलही येईना. तेवढ्यात अण्णांनी दुसरा संशय काढला. "धाकट्या टाकीतलं डिझेल हिशेबापेक्षा जास्त उतरतंय का? मग विकलं कुणीतरी." क्लीनरनं मान खाली घातली. वास्तविक या गाडीचा रिटर्न पाईप फक्त मोठ्या टाकीत जातो. धाकटीतून ओढलेलं डिझेल जळून उरलं, की मोठीत जाऊन पडतं. या एका पाईपापायी किती क्लीनरांचे पगार कापले गेले असतील!

शिरवळचा मिस्त्री आला तो विशीतला पोरगा. त्यानं पाना काढलाच नाही. आधी विचारलं, "त्रास कधीपासनं?" मग धाकट्या टाकीला वळसा घातला. टाकीचं झाकण हरवलेलं, तोंडावर ताडपत्रीचा तुकडा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचे करकचून वेढे. ताडपत्री मध्ये वाटीसारखी खोल आत ओढली गेली होती. पोरानं ट्यूब सोडली. फुस्स! टाकीनं इतका लांब श्वास घेतला, की क्लीनर दचकला. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ताडपत्रीला कुठून असणार? डिझेल बाहेर जायचं, आत हवा यायला वाट नाही. टाकीच डिझेल सोडेना, तर पंप बापडा काय करील? उभी राहिली, की इकडून तिकडून थोडी हवा शिरायची आणि गाडी तात्पुरती बरी व्हायची.

"ही ताडपत्री कुणी बांधली?" पोरानं विचारलं.

"मागच्या फेरीला अण्णांनीच," क्लीनर पहिल्यांदाच बोलला. "पाणी जाऊन पंप खराब हुईल म्हणले."

अण्णा डगमगले नाहीत. "मग? पंप वाचला का नाही?"

पोरानं हवा काढून दिली, फेस जाऊन निवळ डिझेल आल्यावर बोल्ट आवळला. गाडी अर्ध्या सेल्फला उठली. अण्णांनी क्लीनरला नव्या झाकणाबद्दल चार सूचना केल्या, ड्रायव्हरकडून चहा घेतला आणि पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या बीएस-सहा गाडीकडं निघाले. तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. तिलाही दोन टाक्या. धाकटीला निळं झाकण, आत युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ.

"ही दुसरी टाकी रिकामी कशाला ठेवलीया?" अण्णांनी विचारलं. "डिझेल भरा हिच्यात. पंपावरचा लोड कमी हुईल."

त्या ड्रायव्हरनं नमस्कार केला आणि निळ्या झाकणाला पाठ लावून उभा राहिला.