घाटात लाज कसली

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की बहुतेक वेळा मागून जास्तीची इंजिनं येऊन लागतात. पुढे बोरघाट असतो, सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि गाडीला तो एकटीने झेपत नाही. घाट संपला की इंजिनं सुटतात. यात गाडीचा काही अपमान झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. प्रवासी तेवढ्यात वडे खाऊन घेतात. दिवेघाटात माउलींच्या पालखीच्या रथालाही जास्तीच्या बैलजोड्या जुंपतात. थोडक्यात, आपल्याकडे घाट चढणाऱ्याने मदत घेण्याची रीत जुनी आहे आणि प्रतिष्ठेचीही.

ती फक्त शर्यतीच्या सायकलवाल्याला मान्य नाही. त्याची मदत त्याच्याच मागच्या चाकावर असते. सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर चेन टाकली की पाय हलके फिरतात. पण तो गिअर तो वापरत नाही, 'राखून' ठेवतो. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशांसारखा. माथ्यावर पोचेपर्यंत माणूस पार संपलेला असतो आणि गिअर कोराच्या कोरा.

हा मानीपणा आपण शोधलेला नाही. 'टूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांचं मत होतं की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला 1937 साली परवानगी मिळाली. तोवर डोंगराच्या पायथ्याशी खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं फिरवून बसवायचं, कारण दुसऱ्या बाजूला चढाचं चक्र असे. माझी पंचेचाळिशी केव्हाच उलटली आहे. देग्रांजसाहेबांची परवानगी आहे असं समजून मी पायथ्यालाच हलका गिअर टाकतो.

चढावर आत्मविश्वास कसा वाढवायचा, असं आमच्या गटातली तरुण मुलं विचारतात. त्यांना छातीत वारा भरेल असं काहीतरी ऐकायचं असतं. मी त्यांना सांगतो, आधी मागे पडायला शिका. सिंहगडाच्या पायथ्याशी अंग ताजं असतं, पहाटेची हवा गार असते, आणि शेजारून कुणीतरी सूं करून पुढे जातो. त्याला जाऊ देणं हे घाटातलं सगळ्यात अवघड काम आहे. पहिल्या किलोमीटरला लागलेली धाप गडावर पोचेपर्यंत उतरत नाही. सपाट रस्त्यावर निम्म्याहून जास्त जोर हवा कापण्यात जातो, म्हणून दुसऱ्याच्या पाठीमागे लपून बरीच ताकद वाचवता येते. चढावर वेग दहा-बारावर येतो, हवेचा प्रश्न जवळपास मिटतो आणि लपायची सोयही जाते. मग उरतं आपलं वजन आणि ते उचलणाऱ्या मांड्या. या हिशेबात पुढच्या माणसाचं नाव कुठेच येत नाही, तरी डोळे त्याच्याच पाठीवर खिळलेले असतात.

बघायचंच असेल तर त्याचे खांदे बघावेत. ते डुलायला लागले असतील तर दोन-तीन वळणांनी गाठ पडणार. तेव्हा 'काय, कसं काय?' असं मुळीच विचारू नये. विचारायला श्वास शिल्लक आहे हे दाखवणं ही शर्यतीतली सर्वांत मोठी क्रूरता आहे. (खरं तर एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही वेग बेताचा आहे की नाही हे तपासण्याची चांगली खूण. पण पुणेकराला श्वास नसतानाही बोलता येतं, त्यामुळे आमच्याकडे ती फारशी उपयोगी नाही.)

बाकीचं काम रस्त्याच्या ओळखीचं. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या एकवीस वळणांना उलटे आकडे दिलेत, एकवीसपासून खाली एकपर्यंत, म्हणजे किती उरलं ते दमलेल्याला वाचता यावं. आपल्याकडे एवढी माया नाही. आपल्याकडे पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती ट्रकवाल्यांसाठी आहे हे खरं, पण चढाचं इतकं नेमकं प्रशिक्षण मला पैसे देऊनही मिळालेलं नाही. वळणं मात्र आपली आपणच पाठ करावी लागतात. कुठे चढ आतल्या बाजूने उभा आहे, कुठे दोन पायडल मारण्यापुरता सैल होतो, कुठे माथा आला असं वाटून फसगत होते. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आलं की जाणारे-येणारे नाणं टाकतात. मुंबई-पुणे शर्यतीतले गडी याच घाटात 'घाटाचा राजा' हा किताब मिळवण्यासाठी झुंजायचे; त्यांच्या अंगात खिशात हात घालण्याइतकं त्राण उरत असेल असं वाटत नाही. तो किताब घेणारा पुण्याला पहिला पोचेलच असं नसे, हेही त्यातलं शहाणपण. राज्य माथ्यापुरतंच.

स्पेनचा फेदेरिको बहामोंतेस हा असाच माथ्यापुरता राजा. 'टूर'मध्ये डोंगरांचा राजा म्हणून तो सहा वेळा ठरला, 1959 साली तर अख्खी शर्यत जिंकला. पण उताराची त्याला धास्ती. 1954 मध्ये एका खिंडीवर सगळ्यांच्या आधी पोचला आणि मागचे येईपर्यंत आइस्क्रीम खात उभा राहिला, असं सांगतात. चढावरच्या आत्मविश्वासाचं याहून चांगलं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

सिंहगडावर आम्ही पिठलं-भाकरी खातो. सायकलसकट ऐंशी किलो सहाशे मीटर वर चढवायला शरीराला साधारण साडेचारशे-पाचशे कॅलरी लागतात. तेवढ्या दोन भाकऱ्या आणि पिठल्यातच भरून निघतात. भजी आणि मडक्यातलं दही कोणत्या घाटाच्या खात्यावर टाकायचं, यावर आमच्या गटात अजून एकमत झालेलं नाही. कात्रजचं नाव पुढे आहे.